तळाशी गेलेला थेंब

“गोळी घेतलीस का, असं नुसतं विचारून भागत नाही. ‘घेतली’ म्हणणं फार सोपं असतं. पाकीट हातात घेऊन बघत जा,” आईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढून रोजची गोळी सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोरच्या दवाखान्यातली नर्स नेरिदाला म्हणाली होती. “आणि आई अचानक फार बरी दिसायला लागली, तर जास्तच बघ.”

नेरिदा हसली होती. तिची आई मार्लीन म्हणजे टी-ट्री या झाडाच्या पाल्यातून औषधी तेल काढायच्या भट्टीवर उभा जन्म काढलेली बाई. वाफेने मनगट भाजलं तरी आधी झाकण लावायची, मग ओय म्हणायची. अशा बाईच्या गोळ्या तपासायच्या? “तिच्या पाकिटाला मी हात लावला, तर पुढचं बिछान्यावरचं गिऱ्हाईक मी असेन,” असं म्हणून तिने विषय उडवून लावला. नर्स मात्र हसली नव्हती.

ते नेरिदाला आठवलं, तेव्हा ती तेलाच्या भट्ट्यांवर जगणाऱ्या आपल्या बंगावालबिन गावाच्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर तिची तान्ही पिपा होती आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं.

रविवारची दुपार. बाहेर रणरणतं ऊन, पण खिडक्यांना काळा कागद चिकटवल्यामुळे आत मिट्ट काळोख. भिंतीवर मागच्या पुराची मातकट रेघ तशीच होती. ती पुसायची नाही असं गावाने ठरवलं होतं. चहाच्या बंबाशेजारी खोबऱ्यात घोळवलेले केक मांडून ठेवले होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता. सगळ्यांचे डोळे मंचावर.

मंचावर जेरॉड क्वेल. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा डगला, पायात काहीच नाही. डगल्याने डॉक्टर वाटावा आणि अनवाणी पायांनी साधू, अशी दोन्हीकडची सोय.

“तुमच्या शरीरात कुलपं आहेत,” क्वेल हळू, जवळजवळ कुजबुजत बोलत होता. “संप्रेरक म्हणजे हार्मोन. ती किल्ली. किल्ली कुलपात गेली की गाठ वाढते. डॉक्टर काय देतात? गोळ्या! त्या गोळ्यांनी काय होतं?”

“हाडं दुखतात!” मागून शर्ल ओरडली. शर्ल म्हणजे मार्लीनची शेजारीण.

“आणि अंगाची भट्टी होते!” आणखी एक बाई म्हणाली. बायका कडवट हसल्या.

“पण औषध कुठे आहे? तुमच्या कुंपणाच्या आत! तुम्ही तेच पाय धुवायला वापरता, कुत्र्याच्या पिसवांना लावता. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी सिद्ध केलंय, टी-ट्रीचं तेल थेट हार्मोनच्या कुलपावर काम करतं. तुम्हाला सांगितलं कोणी? नाही! का? कारण झाडाला मालक नसतो!”

“आमच्या झाडांना आहे की,” कोणीतरी पुरुष पुटपुटला. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

क्वेलने एक छोटा काचेचा पेला उचलला आणि जांभळा दिवा लावला. पेल्यातलं पाणी निळंशार उजळलं. “या पाण्यात जिवंत पेशी आहेत. हा उजेड म्हणजे त्यांच्यातलं जागं हार्मोन. आता बघा.” तपकिरी बाटलीत ड्रॉपर खोल बुडवून त्याने थेंब सोडले, एक, दोन, तीन. पेला हळूच गोल हलवला.

उजेड विझला.

सभागृहाने एकदम श्वास आत घेतला. पिपासुद्धा चोखणी सोडून बघायला लागली. टी-ट्रीचा तो झणझणीत वास पसरला, या गावातल्या प्रत्येकाला जन्मापासून ओळखीचा. आपल्याच तेलाने हे केलं! शर्लच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

“अनुभव कोणाला सांगायचाय?” क्वेलने विचारलं. आणि मंचाच्या पायऱ्या चढली ती मार्लीन.

नेरिदाला हे माहीत नव्हतं. आई छातीला ते तेल लावते, एवढंच माहीत होतं. त्यात काय, आई कशालाही ते तेल लावायची.

“मी बोलणारी बाई नाही,” मार्लीन म्हणाली. “दाखवते.” पिशवीतून तिने बीटरूटची बरणी काढली, फॅक्टरीतून झाकण आवळून आलेली. “ऑपरेशननंतर माझी बोटं अशी धरली होती की साधं बटण लागेना. आणि आता...” तिने मनगटाला एक हिसडा दिला. टप्! झाकण हातात.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नेरिदानेही टाळीसाठी हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

बोटं कशाने धरली होती? गोळीने. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या गोळीने काही जणींचे सांधे धरतात. मग ती सुटली कशाने?

*आई अचानक फार बरी दिसायला लागली, तर जास्तच बघ.*

मंचावर क्वेल हात पसरून सांगत होता, “पुढच्या रविवारी आपण गोळ्यांना निरोप देणार! ज्यांना मुक्त व्हायचंय त्यांनी आपापली पाकिटं आणा. सगळी या डब्यात!” त्याने पायाशी ठेवलेला स्टीलचा डबा वाजवला. “मार्लीन, पहिली तू?”

“पहिली मी,” मार्लीन म्हणाली.

घरी पोचल्यावर नेरिदाने पिपाला पाळण्यात टाकलं आणि सरळ आईच्या स्वयंपाकघरात शिरली. पाकीट चहाच्या डब्यामागे होतं. एकाही गोळीचा खळगा फुटलेला नव्हता. त्याच्यामागे आणखी एक पाकीट, तेही अख्खं.

“काय शोधतेयस?” मार्लीन दारात उभी होती.

“सापडलं.”

“मग ठेव जागेवर.”

“आई, तू रोज सकाळी माझ्यासमोर पाणी प्यायचीस. गोळी घेतली म्हणायचीस!”

“पाणी तर पीतच होते की.” मार्लीनने खुर्ची ओढली. “हे बघ नेरी, आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर जा, पोर उठेल. मला बरं वाटतंय. पोटच्या पोरीला याचा आनंद व्हायला नको?”

“तुला बरं वाटतंय कारण तू गोळी सोडलीस! तेलाने काही झालेलं नाही. गोळीचा त्रास होता, गोळी गेली, त्रास गेला. पण गोळी जे अडवत होती तेही आता मोकळं झालं असेल!”

“असेल. तुझं सगळं ‘असेल’वर चालतं. पिपाला शिंक आली की न्यूमोनिया असेल. तिच्या पायावर पुरळ आलं की देवी असेल.”

नेरिदाला ते लागलं, कारण ते खरं होतं. पोर झाल्यापासून ती रात्री उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची. घरातली सगळी तिला घाबरट म्हणायची, आणि घाबरट माणसाचं खरं कोण धरतं?

“तू विज्ञान शिकलीस ना?” मार्लीन म्हणाली. “मग वाच जा. तो म्हणतो प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. खोटं असेल तर सांग मला.”

नेरिदाने वाचलं. पिपाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत, शोधनिबंध शोधून शोधून वाचले. आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचले, कारण प्रयोग खरेच झाले होते.

शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत मानवी पेशी वाढवल्या होत्या. त्यांच्यात काजव्याचा उजेड पाडणारा जनुक बसवला होता, म्हणजे हार्मोनचं कुलूप उघडलं की पेशी उजळणार. मग टी-ट्री आणि लॅव्हेंडरच्या तेलातले सुवासिक घटक त्यांच्यावर टाकले. इथपर्यंत क्वेल खरं बोलत होता. पण पेशी विझल्या नव्हत्या. उलट स्त्री-हार्मोनचं कुलूप, आईची गाठ वाढवणारं तेच, काही घटकांनी किंचित उघडलं होतं. उजेड थोडासा वाढला होता! अडवलं होतं ते पुरुष-हार्मोनचं कुलूप. आणि शेवटी शास्त्रज्ञांनी स्वतःच बजावलं होतं की हे बशीतल्या पेशींचं झालं. अंगाला लावलेल्या तेलाने माणसाच्या शरीरात असं काही होतं का, हे अजून नक्की नाही, त्यावर वाद आहे.

म्हणजे ज्या प्रयोगाच्या जोरावर आईने गोळी सोडली, त्या प्रयोगात नेमकं उलटं दिसलं होतं.

ती धावत आईकडे गेली. मार्लीनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कागदावर वाढला म्हणतेस?”

“हो!”

“मी विझताना पाहिला. या डोळ्यांनी. कागद तुझा, डोळे माझे. रविवारी येतेयस ना? माझा नंबर पहिला आहे.”

 नेरिदा भट्टीच्या शेडमध्ये जाऊन बसली. समोर तिचा नवरा हेमिश एक कॅन धूत होता. तो गावोगाव फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा, पण पाल्याच्या हंगामात सासूच्या भट्टीला हातभार लावायचा. वाफ थंड होऊन डब्यात उतरत होती. तेल वर, पाणी खाली. वरच्या तोटीतून तेलाची पिवळसर धार, खालच्या तोटीतून पाणी. लहानपणापासून ती हे बघत आली होती. इतकं, की बघायचंच विसरली होती.

ती ताडकन उठली.

“हेमिश, तेल बुडतं का रे?”

“काय?”

“आपलं तेल. पाण्यात टाकलं तर बुडतं?”

“डोक्यावर ऊन चढलंय का तुझ्या? बुडलं असतं तर तुझ्या आईने आयुष्यभर वरच्या तोटीला बाटली लावली असती?”

“त्याचा थेंब बुडाला,” नेरिदा म्हणाली. “मी दुसऱ्या रांगेत होते. निळ्या पाण्यातून काळी रेघ सरळ तळाशी गेली. तेलवाल्यांनी भरलेलं अख्खं सभागृह, हेमिश, आणि तेल बुडताना कोणाला दिसलं नाही! आम्हाला वास आला, आणि वास आला म्हणून आम्ही बघणं सोडून दिलं.”

“मग काय होतं ते?”

“तेच शोधायचंय. तुझा तो जांभळा टॉर्च कुठाय?”

एसीतला गॅस कुठून गळतो ते बघायला हेमिशकडे जांभळ्या उजेडाचा टॉर्च होता. नेरिदाने कपाटात शिरून, दार लावून, घरात असेल नसेल ते त्याच्यासमोर धरलं. साधं पाणी, लिंबाचं सरबत, कपड्यांची पावडर. शेवटी फ्रीजमधली टॉनिक वॉटरची बाटली, जिनमध्ये घालतात ती, क्विनाइनची कडवट चव असलेली. ती निळीशार उजळली. अगदी तोच उजेड. पेशी नाहीत, हार्मोन नाही, नुसतं सोड्याचं कडू पाणी!

विझवायचं कशाने, हे सापडायला वेळ लागला. व्हिनेगरने विझेना. खरं तेल टाकलं तर ते वर गोल टिकलीसारखं तरंगत राहिलं आणि खाली उजेड तसाच. मग तिला कॉलेजातला एक जुना तास आठवला, क्लोराइडने क्विनाइनचा उजेड मरतो असं काहीसं. क्लोराइड तर घरोघरी असतं. तिने मीठ पाण्यात विरघळेल तितकं विरघळवलं आणि थेंब सोडले. काळी रेघ सरळ तळाशी. पेला हलवला. विझला.

कपाटात बसल्या बसल्या तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

“आता आईला दाखव,” हेमिश म्हणाला.

“मी दाखवलं तर ती म्हणेल, तुझी जादू वेगळी, त्याची वेगळी. त्याच्याच पेल्यात दाखवायला हवं.”

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. स्टीलचा डबा मंचाच्या मधोमध, त्याच्याभोवती पांढरी फुलं. मार्लीन पहिल्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी. तिने ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. तिच्यामागे शर्ल आणि आणखी काही जणी, प्रत्येकीच्या हातात पाकीट. कोणाची कॅन्सरची गोळी, कोणाची थायरॉइडची. नेरिदाने खिशातली तेलाची बाटली चाचपली. पिपा कडेवर चुळबुळ करत होती.

दिवा लागला. पेला उजळला. क्वेलने ड्रॉपर बाटलीत खोल घातला.

“थांबा!” नेरिदाचा आवाज तिला स्वतःलाच चिरका वाटला. “आज आमच्या भट्टीचं तेल घाला ना. कालच काढलंय. तुम्हीच म्हणता, औषध आमच्या कुंपणात आहे.”

“नेरी, खाली बस,” मार्लीन दातांतून म्हणाली.

क्वेल गोड हसला. “ताई, आपलं पवित्र कार्य चाललंय. प्रश्न नंतर.”

“मी प्रश्न कुठे विचारतेय? मी तेल देतेय.”

“घाल की बाबा,” मागच्या रांगेतून तोच पुटपुटणारा माणूस या वेळी मोठ्याने म्हणाला. “तेल तर तेल. मार्लीनच्या भट्टीपेक्षा चांगलं कुठलं आणणारेस?”

लोक हसले. क्वेलला नाही म्हणता येईना, कारण नाही म्हटलं तर मार्लीनच्या तेलाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं, तेही मार्लीनसमोर. त्याने नेरिदाची बाटली घेतली आणि थेंब सोडले. ते वरच पसरले. त्याने पेला हलवला, पुन्हा हलवला. उजेड ढिम्म हलेना.

“इथे शंकेच्या लहरी आहेत,” क्वेल म्हणाला. “एका जरी मनात शंका असली तरी पेशी बंड करतात.”

“पेशी नाहीत त्यात,” नेरिदा म्हणाली. ती मंचापाशी आली होती. “टॉनिक वॉटर आहे. आता तुमचे थेंब टाका. आई, तू पुढे ये. फक्त थेंब कुठे जातो ते बघ. बाकी काही ऐकू नकोस. त्याचंही नको, माझंही नको.”

मार्लीन उठली ती रागाने. पण उठली. क्वेलने थेंब सोडले. अख्ख्या गावासमोर दुसरं करणार काय? सगळं सभागृह मान पुढे काढून बघत होतं. निळ्या उजेडातून काळी बारीक रेघ सरळ खाली उतरली. उजेड विझला.

या वेळी श्वास कोणी आत घेतला नाही. 

“बुडालं,” शर्ल म्हणाली.

 मार्लीनने क्वेलच्या हातातून तपकिरी बाटली काढून घेतली, ड्रॉपर खोल बुडवून वर काढला, टोकावरचा थेंब करंगळीवर घेतला आणि जिभेला लावला. तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

“खारट,” ती म्हणाली.

“बाटलीत वर आपलं तेल आहे, वासापुरतं,” नेरिदा लोकांकडे वळून म्हणाली. “खाली मिठाचं पाणी. मिठाने हा उजेड विझतो. घरी जाऊन करून बघा, टॉर्च मी देते.”

“या मीठ-पाण्याने काय सिद्ध होतं?” क्वेलचा गोडवा उतरला होता. “या बाईची बोटं सुटली ते खोटं? ती बरणी खोटी?”

“ती खरी आहे,” नेरिदा म्हणाली. “तिथेच तर आम्ही फसलो. गोळीने बोटं धरतात. गोळी सोडली की सुटतात. जी जी गोळी सोडेल, तिला महिना दोन महिन्यांत बरं वाटणार. चमत्कार नाही तो. तेल न लावताही वाटलं असतं. पण गाठीला गोळी अडवत होती, ती आता कोण अडवतंय? मीठ?” ती आईकडे वळली. “प्रयोगशाळेत प्रयोग झालेत, हे खरं आहे. बशीत पेशी उजळल्या, विझल्या नाहीत. माणसाच्या शरीरात काय होतं ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही. आपलं तेल मला आवडतं, आई. मी त्याच्यावरच वाढले. पण बशी म्हणजे शरीर नाही. बोटं दुखतात तर डॉक्टरशी भांड. गोळी बदलून माग. गुपचूप सोडू नकोस.”

मार्लीनने डबा पायाने बाजूला सारला. मग क्वेलला म्हणाली, “चाळीस वर्षं मी तेल वरून काढलंय, पोरा. आणि तू माझ्यासमोर ते बुडवलंस. आणि मी टाळ्या वाजवल्या.” तिने पिशवी काखेत घट्ट धरली. “शर्ल, पाकीट आत ठेव. चल, घरी जाऊ.”

मागच्या रांगेतल्या माणसाने खिडकीचा काळा कागद फाडला. ऊन आत आलं. उजेडात क्वेलचा डगला मळका दिसत होता. त्याला कोणी मारलं नाही, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. बायका फक्त त्याच्या टेबलाभोवती गोळा झाल्या आणि एकेक करून त्या बाटलीतलं चाखून बघायला लागल्या. तो मागच्या दाराने गेला तो अनवाणीच. आणि तापलेल्या डांबरावर आला तसा टुणटुण उड्या मारायला लागला. साधूपणाची सवय फक्त सभागृहापुरतीच होती म्हणायची.

डॉक्टरांनी मार्लीनला फैलावर घेतलं, तपासण्या केल्या आणि गोळी बदलून दिली. तपासण्यांत वाईट काही दिसलं नाही. पण मधल्या महिन्यांत आत काय झालं असेल, ते पुढच्या वेळी कळेल, की त्याच्या पुढच्या, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. नेरिदा आता ते ‘असेल’ घेऊन झोपते.

परवा मार्लीनने स्वयंपाकघरातून हाक मारली, “नेरी! ही बरणी उघडत नाही गं. बोटं पुन्हा धरली मेली.”

नेरिदा धावत गेली. झाकण उघडताना तिला इतका आनंद झाला होता की मार्लीन वैतागली. “माझे हात दुखतात आणि तू दात काढतेस?”

मग नेरिदाने चहाच्या डब्यामागे हात घातला आणि पाकीट उजेडात धरलं. आजचा खळगा रिकामा होता. मार्लीनने ते पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, कोणीतरी रोजची गोळी घेणारं असेल. आई असेल, सासरा असेल, ‘मला काही होत नाही’ म्हणणारी मावशी असेल. अलीकडे त्यांना एकाएकी फार बरं वाटतंय का? नव्या काढ्याचं, तेलाचं, कोणा क्वेलचं नाव त्यांच्या तोंडी येतंय का? मग त्यांना ‘गोळी घेतलीत का’ असं विचारू नका. ती ‘घेतली’ म्हणतील. आज जा, त्यांच्याकडे चहा प्या, आणि त्या चहाच्या डब्यामागे एकदा हात घालून बघा.